इथे सही करा

शुक्रवारी रात्री अकरा वाजता एका मित्राचा फोन. (या वेळेला फोन वाजला की मला आधी प्रॉडक्शन पडलं असंच वाटतं, पण हा दुसऱ्या कंपनीतला.) म्हणाला, "अरे, मंगळवारी लेकीची आयईपी मीटिंग आहे. पहिलीच. बरोबर काही न्यायला लागतं का? आयडी वगैरे?"

मी विचारलं, तयारी काय केलीस? तर म्हणे, "तयारी कसली? शाळावाले सांगतीलच की सगळं. एक तासाचा स्लॉट आहे. ऐकायचं, सही करायची, यायचं."

यावर मी त्याला बरंच काही सुनावलं. तेच जरा सौम्य करून इथे लिहितोय. शनिवार सकाळ आहे, दुसरा चहा झालाय आणि राग अजून उतरलेला नाही. राग त्याच्यावर नाहीये. दोन-तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत १९७५ साली एक कायदा झाला. अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली आणि १९९० मध्ये त्याचं नाव बदलून 'आयडिया' झालं. शिकायला वेगळी मदत लागणाऱ्या मुलाला सरकारी शाळेने त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण फुकट द्यायचं, आणि ते कसं देणार हे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लिहून काढायचं, असं हा कायदा म्हणतो. त्या लिखित योजनेला आयईपी म्हणतात. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठे पोचायला हवं, त्यासाठी कोण आठवड्याला किती मिनिटं काय करणार, प्रगती मोजणार कशी, सगळं त्यात असतं. २०२२-२३ मध्ये देशभरात साधारण ७५ लाख मुलं या कायद्याखाली मदत घेत होती. सरकारी शाळांच्या पटाशी ताडून पाहिलं तर शंभरात पंधरा. म्हणजे ही काही कोपऱ्यातली गोष्ट नाही. तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर दोन-चार आईबाप तरी यातून जात असणार, बोलत नाहीत इतकंच.

आता ही योजना लिहायची कोणी? एका टीमने, एकत्र बसून. टीममध्ये कोण हवं याची यादी नियमात दिलेली आहे: मुलाची नेहमीच्या वर्गाची एक तरी शिक्षिका, एक तरी स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका, चाचण्यांचे निष्कर्ष समजावून सांगू शकेल असं कोणीतरी, आणि शाळेकडे काय काय उपलब्ध आहे ते माहीत असलेला जिल्ह्याचा प्रतिनिधी. मुलाला चांगलं ओळखणाऱ्या आणखी कोणालाही पालक बोलावू शकतात. पण या यादीत पहिला नंबर कोणाचा आहे माहितीये? आईवडिलांचा. शिक्षिकेच्या आधी, सायकॉलॉजिस्टच्या आधी.

हे मला आमच्या पहिल्या मीटिंगनंतर सहा महिन्यांनी कळलं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे शाळेच्या तज्ज्ञ मंडळींना चाइल्ड स्टडी टीम म्हणतात: सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट, सोशल वर्कर. त्यातलं एक जण तुमचं केस मॅनेजर. मे २०२२ मध्ये आमची मीटिंग झाली. मुलगा पाच वर्षांचा, केजीत. ऑटिझमचं निदान वर्षभरापूर्वीच झालेलं. मूल मदतीला पात्र आहे की नाही ते ठरवणं आणि योजना लिहिणं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत. लांब टेबल. त्या बाजूला सात जण, या बाजूला आम्ही दोघं. सगळे हसतमुख. कोणी उद्धट नाही, कोणी घाईत असल्यासारखं दाखवत नाही. त्यातल्या एकीने तर बायकोला टिश्यूचा डबा आधीच सरकवून ठेवला. (तेव्हा ते फार छान वाटलं होतं. आता वाटतं, इथे काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.)

केस मॅनेजरने लॅपटॉपवरून वाचायला सुरुवात केली. चौदा पानांची योजना, तयार. आम्ही ती पहिल्यांदाच बघत होतो. स्क्रोल, स्क्रोल, स्क्रोल. मध्ये एक रकाना आला, 'पालकांच्या चिंता'. तिथे आमच्या वतीने दोन ओळी आधीच लिहिलेल्या होत्या! मुलाच्या संभाषणकौशल्याबद्दल पालकांना काळजी वाटते, वगैरे. आम्हाला विचारलं कधी, देव जाणे. पस्तिसाव्या मिनिटाला "एनी क्वेश्चन्स?" आणि चाळिसाव्याला पेन.

त्या पाच मिनिटांत एकीने विचारलं, घरी तुम्ही कोणती भाषा बोलता? मराठी म्हटलं. मग ती अगदी मायेने म्हणाली, "त्याचा गोंधळ होत असेल. निदान काही काळ घरी फक्त इंग्रजी ठेवून बघा."

आणि मी मान डोलावली. मी! जो ऑफिसात डिझाइन रिव्ह्यूमध्ये एका टाइमआउटच्या आकड्यावरून पाऊण तास वाद घालतो, 'डेटा कुठे आहे' म्हणून लोकांना हैराण करतो, तो मी 'शुअर, वी कॅन डू दॅट' म्हणून सही करून मोकळा झालो. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी तिला डोळ्यांनीच 'नंतर' म्हटलं.

माझी आई तेव्हा सांगलीहून आलेली होती, सहा महिन्यांसाठी. एप्रिलपासून नातवाची आणि तिची घट्ट जोडी जमली होती. मीटिंगच्या संध्याकाळी आम्ही तिला सांगितलं, आई, आता त्याच्याशी इंग्रजीतच बोल, शाळेने सांगितलंय. शाळेने सांगितलंय म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणते? तिला जेवढं येत होतं तेवढं ती बोलू लागली. कम. ईट. व्हेरी गुड. नो नो. दोन-तीन आठवड्यांत तेही कमी झालं. चुकून मराठी वाक्य निघालं की चोरी पकडल्यासारखं आमच्याकडे बघायची. तो तिच्या भोवती घोटाळायचा, ओढणीसारखा तिचा पदर धरून उभा राहायचा आणि ती त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायची. ऑक्टोबरमध्ये ती परत गेली.

नोव्हेंबरमध्ये आम्ही एका खाजगी स्पीच थेरपिस्टकडे गेलो. तिने पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न विचारला तो शाळेच्या सात जणांपैकी एकालाही सुचला नव्हता: "तो भांडतो कोणत्या भाषेत?"

बायकोने काही न बोलता फोन काढला. एप्रिलमधला व्हिडिओ, जेमतेम तीन मिनिटांचा, माहेरी पाठवायला म्हणून काढलेला. आई पोळ्या करतेय, हा ओट्याला लटकून उभा. आणि म्हणतोय, "आजी, माझी छोटी पोळी कुठे गेली?" आई म्हणते, ही घे. तर हा, "ती नको, दुसरी दे ना!"

आयईपीत वर्षभराचं ध्येय काय लिहिलं होतं? 'मूल दोन शब्दांत मागणी करेल, पाचपैकी चार वेळा.' जे तो एप्रिलमध्येच मागे टाकून पुढे गेला होता तेच आम्ही सगळ्यांनी सह्या करून पुढच्या मेसाठी ध्येय म्हणून ठेवलं होतं. आणि ज्या एका माणसाशी तो सहा शब्दांचं वाक्य बोलत होता तिला गप्प करायचा सल्लाही त्याच मीटिंगमधून घेऊन आलो होतो.

आता माझा मुद्दा. आईबापांना मीटिंगमध्ये नीट सामील करून घ्या असं म्हटलं की बहुतेकांना ते शिष्टाचाराचं काहीतरी वाटतं. पालकांशी सौजन्याने वागा, त्यांना बरं वाटू द्या, टिश्यू ठेवा. माझा आक्षेप वेगळा आहे. आमच्याशी सगळे सौजन्यानेच वागले. तरी बाहेर पडलेली योजना चुकीची होती, कारण तिच्यात जाणारी निम्मी माहिती आमच्या स्वयंपाकघरात होती आणि ती मागायची सोयच त्या मीटिंगमध्ये नव्हती. प्रश्न विचारायची वेळ योजना छापून झाल्यानंतर ठेवलेली. आपल्या धंद्यात रिक्वायरमेंट घेण्याआधी कोड लिहून, मग क्लायंटला 'काही शंका?' विचारणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

बरं, हे सगळं नियमात नाही म्हणावं तर तसंही नाही. मुलाची चाचणी, उघडपणे अशक्य नसेल तर, त्याच्या स्वतःच्या भाषेत घ्यायला हवी, हे 'आयडिया'च्या नियमात आहे. आमच्या अहवालांची मिळून एकतीस पानं. 'मराठी' हा शब्द एकदा, तोही 'घरी बोलली जाणारी भाषा' या रकान्यात. न्यू जर्सीतल्या शाळेला मराठी परीक्षक कुठून मिळणार, हे मला मान्य आहे. पण आजीशी बोलतानाचा एक व्हिडिओ मागायला काय लागतं? आणि त्या भाषेच्या सल्ल्याबद्दल म्हणाल तर, दोन भाषा ऐकल्यामुळे ऑटिझम असलेलं मूल बोलण्यात आणखी मागे पडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. स्पीच थेरपिस्टांची इथली राष्ट्रीय संघटनाही घरची भाषा सोडायला सांगत नाही. तो सल्ला म्हणजे मागच्या पिढीतून चालत आलेली ऐकीव गोष्ट होती. मीटिंगमध्ये कोणीतरी "हे कशावरून?" एवढं विचारलं असतं तर तिथेच कोसळली असती. तो विचारणारा मी असायला हवा होतो.

मीटिंगच्या आधी योजनेचा कच्चा मसुदा का पाठवत नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. न्यू जर्सीत चाचण्यांचे अहवाल मीटिंगच्या किमान दहा दिवस आधी पालकांना द्यावेच लागतात, तसा नियम आहे. पण त्या अहवालांवरून बनवलेल्या योजनेचा मसुदा आधी देण्याची सक्ती नाही. म्हणजे एकतीस पानं टक्केवारी आणि आलेख दहा दिवस वाचा, आणि मूल प्रत्यक्षात काय शिकणार ते मात्र खोलीत बसून, दुसऱ्याच्या स्क्रीनवर, त्याच्या स्क्रोलच्या वेगाने! मी एका ओळखीच्या शिक्षिकेला (दुसऱ्या जिल्ह्यातल्या) विचारलं. ती म्हणाली, मसुदा आधी पाठवला तर 'तुम्ही सगळं आधीच ठरवून ठेवलंय' असा आरोप होतो, म्हणून वकील नको म्हणतात.

यात थोडं तथ्य आहे. शाळेने निर्णय आधीच पक्का करून नुसता मीटिंगचा देखावा करणं हे कायद्याच्या विरुद्ध आहे. २००४ मध्ये टेनेसीतल्या डील विरुद्ध हॅमिल्टन काउंटी या खटल्यात अपील कोर्टाने नेमकं हेच म्हटलं. ऑटिझम असलेल्या त्या मुलाच्या पालकांनी एका विशिष्ट पद्धतीची थेरपी मागितली होती. ती द्यायची नाही असं शाळेच्या यंत्रणेचं धोरणच होतं, त्यामुळे मीटिंगमध्ये पालक काहीही बोलले असते तरी फरक पडणार नव्हता. पण यातून वकिलांनी काढलेला धडा बघा. मसुदा बनवू नका असं नाही, तो दाखवू नका! वर 'मसुदा' असं ठळक लिहून, पाच दिवस आधी, 'यात काय चुकलंय ते सांगा' अशा एका ओळीसकट पाठवला तर कुठलं कोर्ट रागावणार आहे? उलट ती विचारणा खरी होती याचा तो लेखी पुरावाच झाला.

"शाळेकडे वेळ नसतो" हे पुढचं उत्तर. हे मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या केस मॅनेजरच्या डोक्यावर किती मुलं होती ते तिच्या ईमेलच्या वेळांवरून कळायचं. रात्री साडेदहा, पहाटे पाच. आणि पैशाचं रडगाणं खरं आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारने या मुलांसाठी होणाऱ्या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलू म्हटलं होतं. गेल्या काही वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही खाली राहिलाय. उरलेला भार राज्यावर आणि गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर. त्यामुळे टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यात मिनिटांचा हिशेब चालू असतो आणि तो उघड बोलायची त्याला मुभा नसते. मला राग त्या बायांचा नाही. राग आहे तो पालकांचं बोलणं शेवटच्या पाच मिनिटांत ढकलून वेळ वाचतो या समजुतीचा. आमची पहिली मीटिंग चाळीस मिनिटांत उरकली. त्यानंतर ती चूक निस्तरायला किती ईमेल, किती फोन, किती अर्ज झाले याचा हिशेब कोणी ठेवला का?

पालकांना आधी बोलू द्या, एवढंच करून बघा. मीटिंगच्या सुरुवातीची दहा मिनिटं. 'तुमच्या मुलाबद्दल सांगा' असं मोघम विचारू नका, त्यावर सगळे 'ही इज अ स्वीट बॉय' म्हणतात आणि रडतात. विचारा की गेल्या आठवड्यात घरी कशावरून रडारड झाली, तो आपण होऊन काय मागतो, कोणाचं ऐकतो, पाच वर्षांनी तो काय करत असेल तर तुम्ही निर्धास्त झोपाल. मग मोजमापं, मग ध्येयं, आणि मिनिटांची कुस्ती सगळ्यात शेवटी. आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार असलेला माणूस खोलीत हवा. 'वर विचारून सांगते' हे वाक्य मी एकाच मीटिंगमध्ये तीनदा ऐकलंय.

ध्येयांबद्दल एकच सांगतो, नाहीतर मी यावर वेगळा लेख पाडेन. मागच्या वर्षीचंच ध्येय तारीख बदलून पुन्हा आलं की तिथे थांबायचं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर कोलोरॅडोच्या एन्ड्रू नावाच्या मुलाचा खटला आला तो अशाच पार्श्वभूमीवर. वर्षानुवर्षं तीच ती ध्येयं पुढे ढकललेली. नावापुरती प्रगती पुरे, हे कोर्टाने एकमताने नाकारलं. मुलाच्या परिस्थितीनुसार साजेशी प्रगती होईल अशी योजना हवी, असा निकाल आला. मग विचारा, हे मोजणार कोण, कधी, आणि कागद मला कधी दिसणार?

आता आपल्याकडे वळू. कारण शाळेला एवढं बोलून आपण मराठी आईबाप नामानिराळे राहू शकत नाही.

आपल्याला मास्तरांसमोर प्रश्न विचारायची सवय नाही. बाईंनी सांगितलं की झालं. वीस वर्षं अमेरिकेत काढून, घर घेऊन, ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारे होऊनही प्राथमिक शाळेच्या त्या बुटक्या खुर्चीत बसलो की आपण पुन्हा चौथी ब चे विद्यार्थी. त्यात लपवाछपवी. मंडळाच्या गणपतीत कोणाला कळू नये, गावी तर अजिबात नको. म्हणून ज्यांच्याकडून चार गोष्टी शिकता आल्या असत्या त्यांनाच विचारत नाही. आम्हीसुद्धा हेच केलं. नंतर कळलं की आमच्याच टाउनशिपमधलं एक मराठी कुटुंब तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर बसून गेलं होतं आणि त्यांनाही हाच भाषेचा सल्ला मिळाला होता. आम्ही दर दिवाळीला भेटत होतो! फराळावर बोललो, शेअरबाजारावर बोललो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातेय. मीटिंगमध्ये मी बोललो आणि बायको गप्प राहिली. का? माझं इंग्रजी फर्डं. ती तेव्हा डिपेंडंट व्हिसावर, घरी. दिवसाचे दहा तास मुलाबरोबर ती असायची, टेबलावर प्रतिनिधी मी. ती काही म्हणाली की मी ते 'समरी' करून सांगायचो. तिच्या चार वाक्यांचं माझं एक व्हायचं, आणि गळायचं तेच महत्त्वाचं असायचं. तो व्हिडिओ तिच्या पर्समध्ये होता त्या दिवशी, माझ्या 'नंतर'मुळे तिथेच राहिला. पालकांना मीटिंगमधली चर्चा समजावी म्हणून शाळेने आवश्यक ते करायचं, अगदी दुभाषासुद्धा आणायचा, आणि तोही शाळेच्या खर्चाने, हे नियमात आहे. हिंदी-मराठीचे दुभाषे फोनवर मिळतात. पण आपल्याला ते कमीपणाचं वाटतं. आम्ही काय अडाणी आहोत का? अडाणीपणाचा प्रश्नच नाही. पोटच्या पोराबद्दल नेमकं बोलायचं तर माणूस ज्या भाषेत विचार करतो ती लागते, आणि नवरा हा फार वाईट दुभाषा असतो.

सहीबद्दलही बरेच गैरसमज फिरतात. 'पटलं नाही तर सही करायची नाही, मग काही होत नाही.' हे न्यू जर्सीत पहिल्या आयईपीपुरतंच खरं आहे. त्यानंतरच्या वर्षांत शाळेने लेखी प्रस्ताव दिला आणि तुम्ही पंधरा दिवसांत मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली नाही, तर तुमची सही असो नसो, तो लागू होऊ शकतो. कॅलिफोर्नियात वेगळं आहे, तिथे संमतीला जास्त वजन आहे. तेव्हा बे एरियातल्या मेव्हण्याचा सल्ला एडिसनमध्ये वापरू नका. :) प्रत्येक राज्यात पालकांना फुकट माहिती देणारं केंद्र असतं, न्यू जर्सीत 'स्पॅन' आहे, न्यूअर्कला. तिथे फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या 'थेट वकील घेऊन जा' छाप शूरवीरांच्या आधी तरी नक्कीच. वकील लागतो कधीकधी, नाही असं नाही. पण पहिल्याच मीटिंगला वकील नेला की पलीकडूनही वकील येतो, आणि मग मुलाला ओळखणाऱ्या बायका तोंड उघडायला घाबरतात.

आमची दुसरी मीटिंग जानेवारी २०२३ मध्ये झाली. वार्षिक आढाव्याची वाट न बघता आम्ही लेखी मागितली; तशी कधीही मागता येते. दोन आठवडे आधी एक पानी पत्र पाठवलं, बायकोने लिहिलेलं, मी फक्त टाइप केलं. त्यात तो घरी काय करतो, काय बोलतो, कशाने बिथरतो. सोबत तो व्हिडिओ, वाक्यांच्या भाषांतरासह. मसुदा आधी मागितला, 'आमची तशी पद्धत नाही' असं उत्तर आलं, पुन्हा मागितला, आदल्या दिवशी संध्याकाळी आला. मीटिंग झूमवर होती आणि बायको बोलली. अडखळत, मधेच मराठीत, पण तीच बोलली, मी म्यूटवर. शाळेच्या स्पीच थेरपिस्टने व्हिडिओ दोनदा लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की हे ध्येय आपण आज इथेच खोडूया. सत्तर मिनिटं लागली.

सगळं गोड झालं असं नाही. आम्ही स्पीचची मिनिटं एकट्याने हवी म्हणत होतो, ती त्यांनी गटातच ठेवली. नकार असेल तर तो कारणासकट लेखी द्यावा लागतो, हे तोवर मी वाचून ठेवलं होतं. म्हणून तसं मागितलं. बारा दिवसांनी एक परिच्छेद आला, त्यातली कारणं मला अजूनही पटलेली नाहीत. तो वाद चालू आहे. भाषेच्या सल्ल्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नव्या योजनेत 'घरी मराठीचा वापर सुरू ठेवावा' असं एक वाक्य गुपचूप आलं.

त्या संध्याकाळी सांगलीला फोन लावला आणि आईला सांगितलं, आता त्याच्याशी मराठीत बोल, शाळेनेच लिहून दिलंय. ती म्हणाली, "बरं." मग थोडा वेळ गप्प. फोन त्याच्यासमोर धरला तर तो स्क्रीनकडे बघत राहिला. "आजी" म्हणायला त्याला पुढे तीन रविवार लागले.

असो. तर शुक्रवारी मी मित्राला हे सगळं ऐकवलं. तो ऐकत होता, मधेमधे "बाप रे" म्हणत होता. मसुदा मागवायला त्याने लॅपटॉप उघडल्याचाही आवाज आला. मग मी विचारलं, लेक दिवसभर कोणाबरोबर असते? म्हणाला, "हिच्याबरोबर. पण ही मीटिंगला येऊन काय करणार, हिला त्यांचं ते इंग्रजी झेपत नाही. मी सांगेन ना घरी येऊन."

त्याला म्हटलं, फोन वहिनींकडे दे.